पोस्ट निघाली, आता पुढे काय?

माझ्या भाच्याची पोस्ट निघाली तेव्हा वेशीपासून घरापर्यंत गुलाल उधळला होता. स्पर्धा परीक्षेतून राज्यकर निरीक्षक म्हणून निवड. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत चार वर्षं एकाच खुर्चीवर बसून काढलेली पोस्ट. शाळेत सत्कार झाला, सोसायटीत झाला, तालमीत झाला. एका दिवसात तीन वेळा फेटा बांधला गेला. रात्री तो सोडल्यावर कपाळावर उठलेला लाल वळ त्याने मला हसत हसत दाखवला. ताईच्या डोळ्यांचं पाणी दिवसभर खळत नव्हतं.

पाच महिन्यांनी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, रागावणार नसाल तर एक सांगू? मला काहीच वाटत नाहीये."

तक्रार कशाचीच नव्हती. पगार वेळेवर होत होता, वरिष्ठ चांगले होते, खोली ऑफिसपासून दहा मिनिटांवर होती. "अभ्यासिकेत असताना वाटायचं, एकदा यादीत नाव आलं की झालं. नाव आलं. पंधरा-वीस दिवस भारी वाटलं. मग ते गेलं कुठे?"

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बँकेत नोकरी करतो, मानसशास्त्राचा माझा काही अधिकार नाही. पण या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत बरंच संशोधन झालं आहे आणि ते समजायला अवघड नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हापासून आपल्याकडे कामाच्या तासांवर वाद चालू आहे. त्यात दोन्ही बाजू तास मोजतात. त्या तासांत माणसाला कसं वाटत असतं, हे मात्र कोणी विचारत नाही. भाच्याचा प्रश्न नेमका तोच होता.

मनाचा अंदाज

वेधशाळा जसा पावसाचा अंदाज देते, तसं आपलं मनही सारखे अंदाज देत असतं. ही नोकरी लागली की मी सुखी होईन. यंदा बढती हुकली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुढे आपल्याला कसं वाटेल याच्या या आडाख्याला मानसशास्त्रात 'अफेक्टिव्ह फोरकास्टिंग' म्हणतात. हा शब्द एकदाच वापरला. यापुढे 'मनाचा अंदाज' एवढंच म्हणतो.

हा अंदाज कितपत खरा ठरतो हे डॅनियल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांचा शोधनिबंध १९९८ मध्ये आला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत नव्या प्राध्यापकाचा काही वर्षांनी निकाल लागतो, एक तर तो कायम होतो, नाहीतर त्याला दुसरीकडे वाट धरावी लागते. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना या वाट पाहण्याची कल्पना येईल. ज्यांचा निकाल अजून लागायचा होता, त्यांना संशोधकांनी विचारलं, कायम झालात तर किती सुखी असाल आणि नाही झालात तर किती? मग ज्यांचा निकाल लागून गेला होता त्यांना विचारलं, आज किती सुखी आहात?

वाट पाहणाऱ्यांना वाटत होतं, कायम झालो तर पुढची कित्येक वर्षं आनंदात जातील आणि नाही झालो तर तितकीच दुःखात. प्रत्यक्षात कायम झालेले आणि न झालेले यांच्या सुखात फारसं अंतर सापडलं नाही. पहिल्यांच्या आनंदाबद्दल आणि दुसऱ्यांच्या दुःखाबद्दल, दोन्हीकडे अंदाज फुगलेला होता.

असं का होतं? अंधाऱ्या गोठ्यात बॅटरी मारली की झोत पडेल तेवढंच दिसतं. भविष्याकडे पाहताना मन असाच एक झोत मारतं. भाच्याने चार वर्षं जो झोत मारला होता त्यात निकालाची यादी होती, गुलाल होता, आईचा चेहरा होता. झोताबाहेर काय होतं? तालुक्याच्या गावातली एकट्याची खोली, संध्याकाळी सात वाजता कोणाशी बोलायचं हा प्रश्न, मेसची तीच डाळ, ऑफिसातल्या फायली. पोस्ट मिळाल्यावर माणूस झोतात राहायला जात नाही, सगळ्या गोठ्यात राहायला जातो.

विहिरीतली उडी

एप्रिलच्या उन्हात विहिरीत उडी मारली की पहिल्या क्षणी श्वास अडकतो, इतकं पाणी गार लागतं. पाच मिनिटांनी तेच पाणी काही विशेष वाटत नाही. पाणी गरम झालेलं नसतं. शरीराला पाण्याच्या तापमानापेक्षा तापमानातला बदल जास्त जाणवतो.

मनाचंही बरंचसं असंच आहे. चांगल्याची आणि वाईटाची, दोन्हींची त्याला सवय होते. यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९७८ मधला आहे. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं. ते आपल्यासारख्याच चारचौघांपेक्षा फार सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, न्याहारी, एखादा विनोद ऐकणं अशा रोजच्या साध्या गोष्टींतून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत होता.

हा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, पण बहुतेक वेळा अर्धाच. २२ माणसं म्हणजे फारच थोडी. पुढे स्वीडनमध्ये हजारो लॉटरी विजेत्यांचा अभ्यास झाला, त्याचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी रक्कम मिळालेल्यांचं एकंदर आयुष्याविषयीचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच होतं. रोजच्या आनंदावर मात्र परिणाम त्या मानाने कमी दिसला. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. 'माझं आयुष्य मार्गी लागलं आहे' ही भावना टिकते. 'आज मजा आली' ही वेगळीच चीज आहे, आणि ती पैशाने किंवा पदाने आपोआप येत नाही. पोस्ट मिळाल्याचं समाधान आहे, हे भाचा विचारल्यावर लगेच सांगत होता. त्याची अडचण रोजच्या दिवसाची होती.

ओढ वेगळी, गोडी वेगळी

डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन. 'आनंदाचं रसायन' म्हणून ते आता व्हॉट्सअ‍ॅपवरही पोचलं आहे, पण ते वर्णन नीट नाही.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग १९९०च्या दशकात गाजले. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडला की डोपामिनच्या पेशी चेतवल्या जात. मग शुल्ट्झने रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला हे कळल्यावर पेशी दिव्याला चेतायला लागल्या. रस आल्यावर काही नाही! तो अपेक्षितच होता. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर पेशींची नेहमीची हालचालही खाली यायची. थोडक्यात, या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, याचा हिशेब ठेवतात.

मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी दुसरी बाजू दाखवली. ज्या उंदरांच्या मेंदूत डोपामिन जवळजवळ उरलंच नव्हतं, त्यांच्या जिभेवर साखरपाणी ठेवलं तर ते आवडल्यासारखे ओठ चाटत. पण ते मिळवण्यासाठी जागचे हलत नसत. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि मिळाल्यावर ती आवडणं, यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. मराठीत आपण याला ओढ आणि गोडी म्हणू शकतो.

करिअरच्या बाबतीत आपण ओढीला गोडी समजतो. पदाची ओढ इतकी जबरदस्त असते की ते मिळाल्यावर तितकीच गोडी लागणार, असं आपण धरून चालतो. पण निकालाची वाट पाहताना, कट ऑफचा अंदाज बांधताना, पीडीएफ उघडून आपला बैठक क्रमांक शोधताना छातीत जी धडधड असते, ती ओढीची असते. नाव सापडलं की तिचं काम संपतं.

सुवर्णपदकानंतर

११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. वैयक्तिक खेळात भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. शेवटची गोळी १०.८. आपण सगळे त्या दिवशी टीव्हीसमोर होतो.

त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल बिंद्रा अनेकदा जाहीरपणे बोलले आहेत. सगळं आयुष्य एका दिवसाभोवती रचलेलं, तो दिवस आला, हवं ते झालं, आणि दुसऱ्या दिवशी उठून करायचं काय हेच कळेना. मनाच्या दृष्टीने आपला सगळ्यात कठीण काळ अपयशानंतरचा नव्हता, यशानंतरचा होता, असं ते सांगतात. पुढे २०१६ मध्ये रिओत ते चौथे आले, पदक अगदी थोडक्यात हुकलं.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "म्हणजे मी कृतघ्न नाहीये." त्याच्या मनात हे इतके दिवस घोळत होतं, आई-वडिलांनी एवढं केलं आणि आपल्याला साधा आनंद मानता येत नाही. हा लेख लिहिण्याचं खरं कारण ते वाक्य आहे. असं वाटणाऱ्या कोणीही स्वतःला दोष देऊ नये.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. रिकामेपण आठवड्यांमागून आठवडे राहिलं, झोप आणि जेवण बिघडलं, जगण्यात राम नाही असं वाटायला लागलं, तर तो लेख वाचून सोडवायचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

मग ध्येय ठेवायचंच नाही का?

ठेवायचं. ध्येयाशिवाय प्रवास होत नाही, नुसती भटकंती होते. प्रश्न आहे ध्येयाकडून आपण काय मागतो याचा.

सिंहगडाचं बघा. आतकरवाडीतून पायी वर जाणारे शेकडो पुणेकर दर आठवड्याला दिसतात. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही असतं. तेच पिठलं गाडीने वर आलेल्यालाही मिळतं, त्याच किमतीला. तरी माणसं पहाटे उठून दम लागेपर्यंत चढतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतात. वर पोचायचं नसतं तर ते चढले नसते. पण वर पोचल्याने सगळं फिटतं असंही त्यांचं म्हणणं नसतं. गड दिशा देतो. बाकीचं वाटेवर मिळतं, मागचा गार वारा, ओळखीचा झालेला म्हातारा ट्रेकर, लिंबू सरबताची टपरी.

मला याहून जवळचं उदाहरण तबल्याचं आहे. मी लहानपणी चार वर्षं शिकलो. विलंबित एकतालात बारा मात्रा असतात, आणि गायक अगदी संथ लयीत गात असेल तर एक आवर्तन चांगलं मिनिटभर चालतं. गायक रागात हिंडत असतो, कुठल्या कुठे जातो, आणि मग बंदिशीचा मुखडा उचलून नेमका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. त्या क्षणी श्रोत्यांच्या माना हलतात, कोणीतरी 'वा' म्हणतं. आणि लगेच पुढचं आवर्तन सुरू. तासाभराच्या ख्यालात अशा कितीतरी समा येतात. मैफलीचा सगळा आनंद शेवटच्या तिहाईत आहे असं कोणी मानत नाही. तसं असतं तर लोक शेवटच्या पाच मिनिटांनाच आले असते.

आपण करिअरची आखणी करतो ती उलटी. एकच सम, तीही चार-पाच वर्षांनी. मधल्या आवर्तनांना नुसत्या मात्रा मोजायच्या.

वाट कोरडी कशी पडते

भाच्याला शाळेत इतिहासाचं वेड होतं. मराठा-निजाम लढायांचे नकाशे तो वहीच्या मागच्या पानावर काढायचा. अभ्यासिकेच्या दुसऱ्या वर्षी मी त्याला एकदा एका किल्ल्याविषयी काही सांगायला लागलो, तर त्याने मला मध्येच थांबवून विचारलं, "हे परीक्षेला येतं का?" तेव्हा मला कौतुक वाटलं, पोरगा किती एकाग्र झालाय म्हणून. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत एका बालवाडीत प्रयोग केला. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायची, त्यांचे गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर ते दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं पुन्हा टेबलावर ठेवली. बक्षीस ठरवून चित्र काढलेली मुलं आता पेनांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळत होती. बक्षीस न सांगता मिळालेल्या मुलांची आवड शाबूत होती. म्हणजे बक्षिसाने नुकसान केलं नाही; 'मी हे बक्षिसासाठी करतोय' या हिशेबाने केलं.

दहावीचे मार्क, प्रवेश परीक्षा, प्लेसमेंट, अप्रेझल, सगळीकडे आपण मुलांना आधीच चांदणी दाखवतो. मला वाटतं घरातल्या मोठ्यांनी हे फार जपून करायला हवं, आणि यात मीही आलो. जेवताना 'आज किती चाप्टर झाले?' एवढंच विचारलं जात असेल तर 'आज काय नवीन कळलं?' हेही विचारता येतं. विचारायला दोन्ही सारखंच सोपं आहे.

"पोट भरलेल्यांनी सांगायच्या गोष्टी आहेत या"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ज्याच्या घरी दीड एकर कोरडवाहू जमीन आहे, बहिणीचं लग्न व्हायचं आहे, त्याला 'प्रवासाचा आनंद घे' असं सांगणं क्रूर वाटू शकतं. आणि पैशाने सुख येत नाही हे वाक्यही खरं नाही. २०१० मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी म्हटलं होतं की एका मर्यादेनंतर उत्पन्न वाढलं तरी रोजचा आनंद वाढत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना २०२१ मध्ये वेगळं आढळलं. मग २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. बहुतेक लोकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर आनंद वाढत जातो, फक्त सर्वांत दुःखी गटात तो एका टप्प्यानंतर थांबतो, असं त्यांच्या हाती लागलं. तेव्हा पगार हवाच. भाच्याच्या पहिल्या पगारातून घराचं गळकं छप्पर बदललं, त्याचा आनंद आजही त्या घरात आहे.

पण हा आक्षेप घेणाऱ्याने एक हिशेब करून पाहावा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला २०२३ साली दहा लाखांवर अर्ज आले. सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले. शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. ५८० बसले तर एकाला पद. आता सगळा आनंद निकालाच्या यादीत आहे असं मानलं, तर बाकीच्या ५७९ जणांची दोन, चार, सहा वर्षं काय म्हणून धरायची? पंचवीस ते एकतीस हे वय पुन्हा येत नाही. श्रीमंताच्या मुलाला ती वर्षं वाया गेली तरी सावरायला घर असतं. ज्याच्याकडे तो आधार नाही, त्याची वर्षं तर अजिबात कोरडी जाता कामा नयेत. त्या वर्षांत शिकलेलं, जोडलेली माणसं, आलेली समज हीच अनेकांच्या हाती उरणारी कमाई असते.

"मजा बघत बसलो तर मागे पडू"

केटलिन वूली आणि आयलेट फिशबाक यांनी नववर्षाच्या संकल्पांचा अभ्यास केला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संकल्प करताना लोक दूरच्या फळाचा विचार करतात: तब्येत सुधारेल, पैसे साठतील, बढती मिळेल. पण दोन महिन्यांनी कोण टिकून आहे, हे त्या फळाच्या महत्त्वावरून ठरत नव्हतं. करताना ज्याला बरं वाटत होतं तो टिकला. व्यायामाच्या बाबतीत तर हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. ज्याला सोबतीला मित्र मिळाला त्याचं चालणं फेब्रुवारीतही चालू असतं.

म्हणजे रोजच्या कामात रस असणं ही ध्येयाच्या आड येणारी चैन नव्हे. लांबच्या पल्ल्याला तेच इंधन पुरतं. अभ्यासिकेत तिसऱ्या वर्षी जे नुसते खुर्चीला चिकटून बसलेले दिसतात, मोबाइल पालथा ठेवून त्याच पानाकडे बघत, त्यांचं ध्येय कमी मोठं नसतं. इंधन संपलेलं असतं.

"काम मुळातच कंटाळवाणं असेल तर?"

असतं. प्रत्येक कामात असा भाग असतो आणि त्याला आनंददायी म्हणण्यात खोटेपणा आहे. बँकेत वर्षअखेरीला आम्ही जे ताळमेळ लावतो त्यात मला कधी गोडी लागली नाही. कोणी छळत असेल, पगार बुडवत असेल, रात्रीचे बारा वाजवून वर सुट्टी नाकारत असेल, तिथे मन बदलण्याची गरज नाही, जागा बदलण्याची आहे. 'प्रवासाचा आनंद घ्या' हे वाक्य वरिष्ठाने हाताखालच्याला जास्तीच्या कामासाठी ऐकवायचं नव्हे.

"वय निघून चाललंय"

यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३२ आणि संधी सहा. घड्याळ खरंच चालू असतं, आणि मुलींच्या बाबतीत घरचे त्याला लग्नाचं दुसरं घड्याळ जोडतात. म्हणूनच सुरुवातीलाच थांबायची तारीख ठरवणं मला दयाळूपणाचं वाटतं. किती अटेम्प्ट, कोणत्या महिन्यापर्यंत, मग पुढचा रस्ता कोणता, हे कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवावं. तारीख ठरली की रोजचा दिवस थोडा मोकळा होतो. 'अजून एकदा' या शब्दांचं ओझं रोज उचलावं लागत नाही.

पदाचा मंगळवार

बॅटरीचा झोत रुंद कसा करायचा? विल्सन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक साधा प्रयोग आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, आपला फुटबॉल संघ जिंकला तर नंतरचे काही दिवस किती खूश असाल? उत्तरं नेहमीप्रमाणे फुगलेली. पण काहींना आधी त्या दिवसाची डायरी लिहायला सांगितली, किती वाजता उठाल, कोणते तास, किती अभ्यास, जेवण कोणाबरोबर. त्यांचे अंदाज जमिनीवर आले.

म्हणून आता कोणी तरुण माझ्याकडे आला की मी पद विचारत नाही, त्या पदाचा मंगळवार विचारतो. सोमवारी उत्साह असतो, शुक्रवारी सुट्टीची चाहूल असते. मंगळवार साधा असतो. तहसीलदाराचा मंगळवार कसा जातो? टीम लीडरचा? परदेशात स्थायिक झालेल्या मुलीचा नोव्हेंबरमधला, चारलाच अंधार पडणारा मंगळवार? माहीत नसेल तर त्या जागी आज बसलेल्या माणसाला विचारावं. गिल्बर्ट यांच्याच २००९ च्या अभ्यासात दिसलं की एखादा अनुभव आपल्याला कसा वाटेल हे स्वतःच्या कल्पनेपेक्षा तो घेऊन आलेल्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून जास्त अचूक कळतं. आपण मात्र सत्काराला आलेल्या अधिकाऱ्याचं भाषण ऐकतो, त्याचा मंगळवार विचारत नाही.

मंगळवार आवडला तर वाटेतही त्याचे तुकडे सापडतात. ज्याला लोकांची कामं मार्गी लावायला आवडतात, त्याला तहसीलदार व्हायच्या आधीही गावातल्या चार म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज भरून देता येतात. दिवसाला एक छोटी सम मिळते.

भाच्याच्या खोलीत अभ्यासिकेच्या काळात एक जोडीदार होता, आमच्याच भागातला. दोघांचा अभ्यास सारखाच. तो मात्र भूगोलाचे नकाशे रंगीत पेन्सिलींनी काढत बसायचा. "एवढे मार्क नसतात त्याला," असं भाचा त्याला सांगायचा. त्याची पोस्ट दोनदा थोडक्यात गेली. चौथ्या प्रयत्नानंतर त्याने ठरवल्याप्रमाणे गाशा गुंडाळला आणि गावी जाऊन आठवी ते दहावीचे क्लास सुरू केले. त्याचं सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. निकालाच्या दिवशी तो अजूनही फोन बंद ठेवतो, आणि त्याच्या वडिलांनी अजून हे मनापासून स्वीकारलेलं नाही.

दिवाळीत भाचा त्याच्याकडे गेला होता. क्लासच्या भिंतीवर कृष्णेच्या खोऱ्याचा नकाशा आहे, सदाशिव पेठेतल्या खोलीत काढलेला, चार कागद चिकटवून केलेला. शेवटच्या कागदावर नद्यांचे संगम दाखवायचे राहून गेले होते. भाऊबीजेच्या रात्री साडेदहाला माझा फोन वाजला.

"मामा, कोयना कराडला मिळते कृष्णेला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. वारणा कुठे मिळते, सांगा बरं?"

"हरिपूर," मी म्हणालो.

"बघा, मी विसरलो होतो," तो म्हणाला. मागे कोणीतरी पेन्सिलीला टोक करत होतं.